मक्याचा चीक आणि बंद बाटली



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत एक प्रश्न आला. एक ताई म्हणाल्या, "आमच्याकडं श्रावणात कणसं एकदम निघतात. बाजारात नेली तर गाडीभाडं सुटत नाही. दाणे किसून, त्याचा दाटसर गर शिजवून बाटलीत भरून ठेवला आणि हिवाळ्यात विकला तर? परदेशात तर असा डबा मिळतो म्हणे. आपल्याला का जमू नये?"

प्रश्न चांगला होता, आणि मला उत्तर देता आलं नाही. "बघून सांगते" म्हणाले आणि घरी आले. बघता बघता अडीचशे वर्षांचा इतिहास हाती लागला, आणि तो बहुतेक सगळा बायकांचा. म्हणून आजचं बोलणं त्यावरच.

तुम्ही म्हणाल, परदेशातल्या डब्याशी आपलं काय नातं? पण तुमच्यापैकी बहुतेकींनी तो चाखलेला आहे. लग्नाच्या बुफेत वाटीतून जे पिवळसर, दाट स्वीट कॉर्न सूप मिळतं ना, ते हॉटेलवाले पुष्कळदा याच डब्यातून करतात. डब्यावर 'क्रीम स्टाइल कॉर्न' लिहिलेलं असतं. क्रीम म्हणजे साय. पण या प्रकारात मुळात साय नसते, दूधही नसतं. कोवळ्या दाण्याला नख लावलं की जो पांढरा चीक बाहेर येतो, त्यानंच ते दाट होतं. गव्हाचा चीक शिजवून कुरडया करणाऱ्या बाईला हे वेगळं समजावून सांगायला नको. चीक तापला की घट्ट होतो, आणि तो तळाला लागू नये म्हणून हात थांबवायचा नसतो. इंदूरकडच्या मराठी घरांत भुट्ट्याचा कीस करतात, तोही याच जातीचा. कणीस किसायचं, तुपात हिंग-मोहरी-मिरचीची फोडणी, वर दूध, आणि मंद आचेवर हलवत राहायचं. इंदूरच्या माझ्या एका मावससासूबाईंनी मला तो पहिल्यांदा खाऊ घातला तेव्हा मी म्हटलं होतं, "हा तर मक्याचा उपमा!" त्या जरा रागावल्याच.

तर हा चीक पहिल्यांदा खरवडला कोणी? मका मूळचा अमेरिकेतला. आपल्याकडं तो आला समुद्रापलीकडून, १५०० नंतर. तिकडं मात्र तो हजारो वर्षं पिकत होता. आजच्या न्यूयॉर्क राज्याच्या भागात हौदेनोसौनी लोक राहत, इंग्रजीत त्यांना इरोक्वा म्हणतात. त्यांच्यात शेत बायकांचं असे. पेरणी, खुरपणी, काढणी आणि धान्याचा वाटा हे सगळं बायकांच्या हाती. मका, घेवडा आणि भोपळा एकाच जागी लावायचे. घेवडा मक्यावर चढतो, भोपळ्याची पानं जमीन झाकतात. या तिघींना त्या बहिणी म्हणत. कणसं हुरड्यात आली की दाण्यांचा गर काढायला त्यांच्याकडं एक अवजार होतं, हरणाच्या खालच्या जबड्याचं हाड. दातांची रांग जशीच्या तशी. तो जबडा कणसावरून ओढला की दाणे फुटून चीक आणि गर भांड्यात पडतो, साल मागं राहतं. आपल्या किसणीची ही थोरली बहीणच म्हणा.

१७७९ साली अमेरिकेचं इंग्लंडशी युद्ध चालू होतं. हौदेनोसौनींपैकी बऱ्याच जणांनी इंग्रजांची बाजू धरली, म्हणून जनरल सुलिव्हन फौज घेऊन त्यांच्या मुलखात शिरला. लढाई फारशी झाली नाही. जाळपोळ मात्र झाली. सुलिव्हनने आपल्या अहवालात ४० गावं उद्ध्वस्त केल्याचं आणि सुमारे १,६०,००० बुशेल मका नष्ट केल्याचं लिहिलं आहे. एक बुशेल म्हणजे साधारण २५ किलो मक्याचे दाणे. उभं पीक, कणगीतलं धान्य, फळझाडं, काही ठेवलं नाही. त्या वर्षीचा हिवाळा फार कडक होता आणि ती कुटुंबं उपाशी निर्वासित झाली. याच मोहिमेतून परत जाताना एका अधिकाऱ्यानं तिथल्या गोड मक्याचं बियाणं मॅसॅच्युसेट्सला नेलं, असं पुढं छापून आलं. बायकांचं शेत जाळलं आणि बियाणं खिशात घातलं. आज 'स्वीट कॉर्न'च्या इतिहासात पहिली ओळ बहुधा त्या अधिकाऱ्याची असते. बियाणं निवडून, जपून गोड करणाऱ्या बायकांची नावं त्यात नाहीत.

एका बाईचं नाव मात्र आहे, आणि तिच्याजवळ आपण थोडं थांबू.

अमेरिकेच्या उत्तरेला मिसुरी नदी आहे. तिच्या काठी हिदात्सा नावाचे लोक राहत. त्यांच्यात १८३९ च्या सुमारास एक मुलगी जन्माला आली. दोनच वर्षं आधी देवीच्या साथीनं त्यांची गावंच्या गावं रिकामी झाली होती. आजीच्या हाताखाली वाढलेली ही मुलगी पुढं बफेलो बर्ड वुमन या नावानं ओळखली गेली. ती म्हातारी झाली तेव्हा गिल्बर्ट विल्सन नावाचा एक अभ्यासक तिच्याकडं येऊ लागला. तिला इंग्रजी येत नव्हतं. ती आपल्या भाषेत सांगे, तिचा मुलगा इंग्रजीत करी आणि विल्सन लिहून घेई. शेतीबद्दल तिनं जे सांगितलं त्याचं १९१७ साली पुस्तक झालं. पेरणी कधी, ओळीत अंतर किती, कोणत्या जातीचा मका कशाला चांगला, कुदळ कशाची, सगळं तिच्या तोंडून आलेलं.

तिनं सांगितलंय की कणसं भरू लागली की शेतात माळा बांधत आणि मुली त्यावर बसून राखण करत. पाखरं हाकलायची आणि मक्याला गाणी म्हणायची. पोराला अंगाई म्हणावी तसं पीक गाण्यानं खूश राहतं, असं त्या मानत. आमच्या लहानपणी जोंधळ्याच्या माळ्यावर गोफण घेऊन आम्हीही बसलोय. आमची गाणी मक्यासाठी नव्हती, शेजारच्या माळ्यावरच्या पोरींना चिडवायला होती, पण घसा तेवढाच बसायचा.

हिरवी कणसं काढली की ती अर्धवट उकडायची. पूर्ण शिजवायची नाहीत. चीक दाण्यातल्या दाण्यात धरला पाहिजे, इतकंच. मग टोकदार काडीनं एक ओळ मोकळी करायची आणि बाकीचे दाणे अंगठ्यानं किंवा शिंपल्यानं उतरवायचे. ते कातड्यावर पसरून उन्हात वाळवायचे आणि वाऱ्यावर उफणून पिशवीत भरायचे. हिवाळ्यात पाण्यात शिजवले की कोवळ्या मक्याची चव परत येई. म्हणजे काय, तर चिकाचा मका वर्षभर टिकवायची रीत तिला ठाऊक होती, आणि तीत ना बाटली होती ना बूच.

साठवण जमिनीत. वर तोंड अरुंद, खाली पोट मोठं, आत गवताचं अस्तर. शिडी लावून उतरायचं. भिंतीच्या कडेनं कणसांच्या वेण्या, मध्ये सुटे दाणे, त्यात वाळवलेल्या भोपळ्याच्या माळा. वरून असं बुजवायचं की परक्याला कळू नये. हे वाचताना माझ्या तोंडून आपोआप निघालं, अगं, हे तर पेव! आमच्या जुन्या वाड्यासमोर होतं तसंच.

ती ज्या नदीकाठच्या मातीत पिकवायची ती जमीन आज दिसत नाही. १९५० च्या दशकात मिसुरीवर गॅरिसन धरण झालं आणि तो सगळा काठ पाण्याखाली गेला. तिच्या नातवंडा-पतवंडांच्या पिढीला वरच्या माळरानावर जाऊन राहावं लागलं. धरणग्रस्त गावांतल्या ज्या मैत्रिणी हे ऐकतायत, त्यांना याहून जास्त सांगायची गरज नाही.

आता बाटलीकडं येऊ.

वाळवणात आपण अन्नातलं पाणी काढून घेतो. लोणच्यात मीठ आणि आंबटपणा राखण करतात, मुरंब्यात साखर. बाटलीबंद पद्धतीत यांतलं काहीच नसतं. अन्न ओलंच ठेवायचं, चव तशीच ठेवायची आणि उष्णतेनं जंतू मारून हवा बंद करायची. ही युक्ती फ्रान्समधल्या निकोला आपेर नावाच्या मिठाईवाल्यानं शोधली. १८१० साली त्याला सरकारकडून १२,००० फ्रँक मिळाले आणि त्यानं पद्धत पुस्तकात छापली. गंमत म्हणजे बाटलीतलं अन्न का टिकतं हे त्याला सांगता आलं नसतं. जंतूंचा उलगडा पाश्चरनं केला, तो आणखी ५० वर्षांनी.

अमेरिकेतल्या मेन राज्यात आयझॅक विन्सलो नावाचा माणूस १८४० च्या दशकापासून मका डब्यात भरायच्या खटपटीला लागला. आधी अख्खं कणीस डब्यात घालून पाहिलं, जागा फार गेली आणि चव बुरकुंडात राहिली. मग काट्यानं दाणे उतरवले. मग सुरीनं कापले. अपयश पुष्कळ आलं. १८६२ साली त्याला पेटंट मिळालं. मेनमध्ये दाणे कापून, वर कणीस खरवडून त्याचा चीक घालायची पद्धत रुळली, आणि कितीतरी वर्षं अशा दाट मक्याला 'मेन पद्धतीचा' मका म्हणत. जबड्याच्या हाडानं खरवडणाऱ्या बायकांची रीतच ती, फक्त पेटंटावर नाव विन्सलोचं. त्याच सुमारास, १८५८ साली, जॉन मेसन नावाच्या माणसानं फिरकीच्या झाकणाची काचेची बरणी काढली, आणि मग हे काम कारखान्यातून घराघरांत शिरलं.

पण मका त्रास देत राहिला. डबे आंबायचे, फुगायचे, आणि कारण कुणाला कळेना. १८९० च्या दशकात बोस्टनमध्ये डबाबंद माल करणाऱ्या घराण्यातला विल्यम अंडरवूड आणि सॅम्युअल प्रेस्कॉट नावाचा तरुण शास्त्रज्ञ या दोघांनी याचा छडा लावला. त्यांना दिसलं की डबा बाहेरून कितीही तापला तरी मक्याच्या दाट गराच्या मधोमध उष्णता फार हळू पोचते. पातळ वरण लवकर उकळतं आणि पिठलं मधे गार राहून कडेला रटरटतं, हे आपण रोज पाहतो. तसंच. आणि मधे जे जंतू जगले, त्यांतल्या काहींची बीजं नुसत्या उकळत्या पाण्याला दाद देत नाहीत. त्यांना जास्त उष्णता लागते, ती वाफेच्या दाबाखालीच मिळते. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढं हिच्यावरच सगळं येणार आहे.

१९१० साल. अमेरिकेच्या दक्षिणेत साउथ कॅरोलिना राज्यात एकेन नावाचा जिल्हा आहे. तिथं मेरी क्रोमर नावाची खेड्यातल्या शाळेची मास्तरीण होती. मुलग्यांसाठी मक्याचे गट निघाले होते, एकरी पीक कोण जास्त काढतो याच्या स्पर्धा लागत, बक्षिसं मिळत. तिनं विचारलं, मग मुलींसाठी काय? आणि ४७ मुलींचा टोमॅटो गट सुरू केला. प्रत्येकीला एकराचा दहावा हिस्सा जमीन. आपल्या हिशेबानं बरोबर चार गुंठे. लावायचं, वाढवायचं, आणि आलेलं पीक अंगणात चूल मांडून डब्यात भरून विकायचं. पैसे मुलीचे. दोन-तीन वर्षांत दक्षिणेतल्या राज्याराज्यांत असे गट उभे राहिले. कुणी त्या पैशातून शिक्षणाचा खर्च भागवला, कुणी घरातली गरज. आईबापांच्या शेतात राबणाऱ्या मुलीच्या हातात स्वतःच्या नावचे पैसे पहिल्यांदाच आले. बचत गटाची पहिली वही मला आठवली. तुम्हालाही आठवेल.

१९१४ साली कायदा झाला आणि गावोगाव फिरून बायकांना शिकवणाऱ्या कार्यकर्त्या सरकारी मदतीनं नेमल्या जाऊ लागल्या. आपल्या ग्रामसेविकेसारख्या. पण त्या पैशावर ताबा गोऱ्यांच्या संस्थांचा. काळ्या बायकांच्या वाट्याला कार्यकर्त्या थोड्या, पगार कमी, साहित्य तुटपुंजं. तरी त्या उभ्या राहिल्या. ओक्लाहोमा राज्यात १९१२ सालीच ॲनी पीटर्स हंटर या काळ्या कार्यकर्तीनं बोली गावाकडं काम सुरू केलं होतं. एकीकडं उत्तम शिकवणी आणि दुसरीकडं जेमतेम साधन, असं झालं की धोका कुणाच्या ताटात जातो ते सांगायला नको.

कारण धोका खरा होता. टोमॅटो आंबट असतो. आंबटपणात वाईट जंतू वाढत नाहीत, म्हणून तो उकळत्या पाण्यात बरण्या बुडवून निभावतो. मुली टोमॅटोवरून घेवड्याच्या शेंगांवर आणि मक्यावर गेल्या, आणि इथं वाट बदलली. मक्यात आंबटपणा जवळजवळ नाही. त्या वेळच्या पुस्तिका सांगत, मक्याच्या बरण्या तास न् तास उकळा. बायका उकळत होत्या. बहुतेक बरण्या टिकत. काही टिकत नसत. आणि काही टिकल्यासारख्या दिसत, त्या सगळ्यात वाईट.

मातीत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जंतू असतो. १८९५ साली बेल्जियममध्ये एका मयताच्या जेवणात खारवलेलं डुकराचं मांस खाऊन माणसं दगावली, तेव्हा एमिल व्हान एर्मेंगेम या शास्त्रज्ञानं तो शोधून काढला. मोकळ्या हवेत तो गप्प असतो. त्याची बीजं भाजीबरोबर आपल्या पोटात जातात आणि मोठ्या माणसाला सहसा काही होत नाही. पण हवा नाही, ओल आहे, आंबटपणा नाही आणि घरातली ऊब आहे, अशी जागा मिळाली की तो वाढतो आणि विष सोडतो. आता सांगा, मक्याची बंद बाटली म्हणजे दुसरं काय? उकळण्यानं त्याचे शेजारी जंतू मेले, हवा गेली, बीजं जगली. आपणच त्याला मोकळं घर करून दिलं. आणि हे विष नेहमी वास देत नाही, चव देत नाही, झाकण फुगेलच असंही नाही. माणसाला बहुधा १२ ते ३६ तासांत एकाचे दोन दिसू लागतात, पापण्या मिटतात, जीभ जड होते, घास गिळता येत नाही, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. १९२४ साली ओरेगन राज्यातल्या अल्बनी गावात घरी भरलेल्या घेवड्याच्या शेंगांमुळं एकाच जेवणातली १२ माणसं गेली. ज्या घरातल्या बाईनं ती बरणी भरली असेल, तिनं ती मायेनंच भरली होती.

कॅलिफोर्नियात कार्ल मायर आणि त्याचा सहकारी एस्टी यांनी १९२२ साली ही बीजं किती तापमानाला किती वेळात मरतात ते मोजून दाखवलं. नुसत्या उकळत्या पाण्यात, म्हणजे १०० अंशाला, ती तासन् तास तग धरतात. १२१ अंशाला काही मिनिटांत संपतात. त्यानंतर वाद राहिला नाही. मका, घेवडा, वाटाणा, मांस यांना प्रेशर कुकरच हवा. पण तो महाग. मग गावाच्या क्लबात, शाळेत, चर्चच्या स्वयंपाकघरात चार-पाच घरांत मिळून एक कुकर आला. आज तुझ्या घरचा मका, उद्या माझ्या घरचा. दुसऱ्या महायुद्धात धातू तोफांकडं गेला, कुकर मिळेनासे झाले, आणि त्याच वेळी सरकार म्हणत होतं, परसात पिकवा, घरी भरा. १९४३ साली अमेरिकेतल्या घरांत चार अब्जांहून जास्त बरण्या भरल्या गेल्याचा अंदाज आहे. म्हणजे ४०० कोटी. तेव्हा ठिकठिकाणी सार्वजनिक भरणी केंद्रं निघाली. बायका पोत्यांनी कणसं घेऊन येत, मोठ्या यंत्रांवर आळीपाळीनं काम करत, आणि यंत्राशी शिकलेली बाई घड्याळ घेऊन उभी असे.

घड्याळ कशाला, तर ऐका. आजही अमेरिकेच्या शेती खात्याची क्रीम कॉर्नची रीत अशी आहे. कणसं चार मिनिटं उकळत्या पाण्यात. दाणे निम्म्या खोलीवर कापायचे, उरलेला गर सुरीनं खरवडून घ्यायचा. पाणी घालून उकळी आणायची आणि अर्ध्या लिटरच्या आसपासच्या बरणीत, वर इंचभर जागा सोडून भरायचं. मग दाबाच्या मोठ्या भांड्यात साधारण ११६ अंशाला ८५ मिनिटं. आणि लिटरची बरणी वापरायचीच नाही! प्रेस्कॉट आणि अंडरवूडनं पाहिलेलं तेच कारण, दाट गराच्या मधोमध उष्णता पोचत नाही. नुसत्या सुट्या दाण्यांना लहान बरणीत ५५ मिनिटं पुरतात. चीक मिसळला की अर्धा तास वाढतो.

आता मी एक कबुली देते. काही वर्षांपूर्वी मी एका प्रशिक्षणाला गेले होते. तिथं आम्हाला शिकवलं, दाणे मिठाच्या पाण्यात घाला, बाटली अर्धा तास उकळा, गरम असतानाच झाकण लावा, सहा महिने टिकतं. मी घरी सहा बाटल्या भरल्या. दोन नणंदेला दिल्या. महिन्याभरानं एका बाटलीचं झाकण वर आलं, ती फेकली. बाकीच्या आम्ही खाल्ल्या. काही झालं नाही, आणि "काही झालं नाही" म्हणून मी ती रीत आणखी दोघी-तिघींना सांगितली. हा इतिहास वाचला त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी पहिला फोन नणंदेला केला. ती म्हणाली, "अगं, ती कधीच संपली, तू काय आत्ता सांगतेस!" ज्यांना सांगितली होती त्यांनाही कळवलंय. तुमच्यापैकी कुणी अशी शिकवण घेतली असेल तर ती वहीतली पानं फाडून टाका.

मग एकीनं विचारलं, "आपल्या घरात कुकर आहेच की. त्यात बाटल्या ठेवल्या तर?" नाही. आपला पाच लिटरचा कुकर डाळ शिजवायला केलेला आहे. तो चटकन तापतो आणि चटकन निवतो. त्या रीतीतल्या मिनिटांचा हिशेब मोठ्या, दाबमापक असलेल्या भांड्याचा आहे, तापायला आणि निवायला लागणारा वेळ धरून केलेला. शिट्ट्या मोजून ८५ मिनिटं होत नाहीत. शिवाय आपल्याकडं मिळणाऱ्या सॉसच्या, जॅमच्या जुन्या बाटल्या आणि झाकणं त्या दाबासाठी नाहीत.

महायुद्धानंतर खुद्द अमेरिकेतल्या खेड्यांत काय झालं? घरात फ्रीझर आला, आणि दक्षिणेतल्या बायकांनी क्रीम कॉर्न बाटलीतून काढून पिशवीत घातलं. आजही उन्हाळ्यात तिकडं अंगणात घरातल्या सगळ्याजणी बसून कणसं सोलतात, कापतात, खरवडतात, शिजवून गार करतात आणि पिशव्या फ्रीझरमध्ये सपाट रचतात. थंडीत हा जंतू वाढत नाही. तिथल्या जुन्या बायका म्हणतात, आधी चुलीवर पाणी ठेवावं, मग कणसं तोडायला जावं. गोड मका तोडला की त्यातली साखर लगेच पिठात बदलू लागते, म्हणून ही घाई. आपल्या बाजारातलं दुपारचं कणीस सकाळइतकं गोड का लागत नाही, ते आता कळलं ना.

तर त्या ताईंना माझं उत्तर असं. ज्यांच्याकडं खरा डीप फ्रीझर आहे, उणे १८ अंशाचा, आणि वीज टिकते, त्यांनी जरूर करावं. कणीस चार मिनिटं उकळून थंड पाण्यात टाका. दाणे वरवर कापा, गर खरवडा. दुहेरी भांड्यात, म्हणजे खाली पाणी आणि वर पातेलं ठेवून, दाट होईपर्यंत हलवा. लगेच गार करा, पातळ पिशव्यांत भरा. फ्रिजच्या वरच्या बर्फाच्या कप्प्यावर भरवसा ठेवून महिन्यांचा साठा करू नका. वीज आठ-आठ तास जाते तिथं तर विचारच नको. विकायचं असेल तर अन्न परवाना लागतो, हे वेगळं सांगत नाही, गटाच्या सचिवांना ठाऊक आहे.

आणि फ्रीझर नसेल तर बफेलो बर्ड वुमनची रीत आहेच. अर्धवट उकडा, दाणे उतरवा, कडक वाळवा. श्रावणात ऊन नसतं ही आपली अडचण खरी, तिच्या मुलखात त्या दिवसांत कोरडं ऊन असे. पण आता बऱ्याच गावांत सौर वाळवणी यंत्रं आहेत, नाचणीचे पापड आणि मेथी वाळवायला घेतलेली. पावसाळ्यात ती रिकामीच असतात. आमच्या गटानं या आठवड्यात पाच किलो कणसांचे दाणे त्यात टाकलेत. काल संध्याकाळी मूठभर घेऊन पाहिले, दाणा आकसला होता पण दाताखाली अजून मऊ लागत होता, म्हणून परत आत ठेवले. खडखडीत झाले की रात्रभर भिजवून शिजवून बघू, आणि कीस जमला की नाही ते पुढच्या वेळी सांगते.